ठिपका क्रमांक ००४७

त्याला रूप असं काही नाही. फिश फाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे शोधणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर एक लाल चौकोन, करंगळीच्या नखाएवढा, आणि डोक्यावर चार आकडे: ००४७. त्याच्यावर बोट ठेवलं की पोटातलं सगळं भडाभडा सांगतो. अक्षांश, रेखांश, जन्माची तारीख नि वेळ, त्या घडीची पाण्याची खोली, पाण्याचं तापमान. मग गप्प. तुला इथे कशासाठी बसवलं, असं विचारलंत तर त्याच्याकडे उत्तर नाही; आणि उत्तर नसल्याची खंतही नाही.

मुक्काम गंटर्सव्हिल तलाव, राज्य अलाबामा. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीनं, म्हणजे लोकांच्या तोंडच्या टीव्हीएनं, टेनेसी नदीवर धरण बांधलं, १९३९च्या जानेवारीत त्याचे दरवाजे मिटले आणि नदी दोन्ही काठांच्या शेतांत शिरली. आज तलावाची लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, पसारा ६८-६९ हजार एकरांचा. पाण्याखाली जुन्या रस्त्यांचे भराव आहेत, ओढ्यांची पात्रं आहेत, झाडांचे बुंधे आहेत. पाण्यावर बास माशाच्या मागे लागलेल्या चकचकीत बोटी. हा मोठ्या तोंडाचा, हिरवट अंगाचा मासा म्हणजे इथल्या माणसांचा जीव की प्राण. पण ती त्याला पकडतात, तोलतात, फोटो काढतात आणि बहुतेक वेळा परत पाण्यात सोडतात. आमच्या भाईंसारख्या मालवणी माणसाला ही रीत पचायला बरीच वर्षं लागली. अजूनही एखादा दांडगा बास पाण्यात परत जातो तेव्हा भाईंच्या नजरेपुढे तिरफळं घातलेलं कालवण येऊन जातं, असा माझा संशय आहे.

००४७ हा भाईंचा. भाई हंट्सव्हिलला नोकरीला आहेत, तिथून तलाव तासाभराच्या आत. बोट वीस फुटी. भाई चाकापाशी, त्यांचा चिरंजीव पुढच्या टोकाला नाळेवर, आणि मी मधल्या आसनावर थर्मास सांभाळत. मला माशांतलं काही कळत नाही. म्हणूनच बहुधा माझं लक्ष माशांपेक्षा ह्या ठिपक्याकडे गेलं.

त्याचा जन्म माझ्यासमोरचा. थंडीचे दिवस होते. उन्हाळ्यात ह्या तलावात हायड्रिला आणि मिलफॉइल ह्या पाणगवतांची रानं माजतात. थंडीत ती बसतात आणि तळ उघडा पडतो. जाणते लोक तेव्हा गळ टाकण्यापेक्षा तळ वाचत हिंडतात. भाईंनी बोट अगदी सावकाश, सरळ रेषेत चालवली होती. बोटीच्या पाठीमागे पाण्यात बुडालेली एक वडी असते, तिच्यात सिरॅमिकचा स्फटिक. तो ध्वनीचे ठोके सोडतो आणि परत आलेले प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर धावतो, त्यामुळे पाचसहा मीटरवरचा तळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उत्तर देतो. प्रत्येक उत्तराची पडद्यावर एक बारीक पट्टी उमटते आणि आधीच्या पट्ट्यांना पुढे ढकलते. त्या पट्ट्यांचं मिळून जे चित्र दिसतं त्याला सगळे ‘खालचं’ चित्र समजतात. ते असतं मघाचं. पडद्यावर खडक दिसेपर्यंत बोट खडकावरून पुढे गेलेली असते.

भाईंच्या पडद्यावर डाव्या हाताला एक उजळ पट्टा आला. कठीण तळ उजळ दिसतो, चिखल काळपट. पट्टा सरळ होता, म्हणजे माणसाच्या हातचा. निसर्ग इतकी सरळ रेघ ओढत नाही. जुन्या रस्त्याचा भराव. मध्येच पट्टा तुटला होता आणि तुटलेल्या जागी दगडांचा ढिगारा, त्याच्यामागे काळी सावली. रस्त्याखालून ओढा काढून देणारी मोरी असणार, ढासळलेली. भाईंनी श्वास रोखला, बाण मागे सरकवून ढिगाऱ्यावर नेला आणि बटण दाबलं. टुक असा आवाज. खोली सतरा फूट. भाई अजून वावात मोजतात. म्हणाले, ‘तीन वावाक थोडा कमी.’

जन्मला भाईंच्या पडद्यावर, आणि पापणी लवायच्या आत नाळेवरच्या पडद्यावरही हजर. चिरंजीव पुढून ओरडला, ‘आला, बाबा!’ मी दोन्ही पडद्यांकडे पाहिलं. मधे पंधरा फूट अंतर, पण तेच आकडे, तोच लाल चौकोन. दोघांना जोडणारी एक केबल बोटीच्या कडेनं, गालिच्याखालून गेलेली आहे. भाईंनी ती एका शनिवारी गुडघे सोलून घातली होती. ती नसती तर ००४७ला चाकापाशीच अडकून पडावं लागलं असतं. आणि चाकापाशी त्याचा काही उपयोग नाही. शोधणारा मागे बसतो, मासा पकडणारा पुढे उभा राहतो, हा ह्या बोटींचा संसार. पूर्वी बोटीवर पिवळ्या तरंगत्या खुणा ठेवत. मागच्यानं पाहिलं की एक पाण्यात भिरकावायची, तिची दोरी वजनानं तळाशी जायची. चांगली सोय, पण साऱ्या तलावाला पत्ता सांगणारी. नाहीतर मागून ओरडायचं: डावीकडे, अजून डावीकडे, अरे गेलं. बापलेकांचे संबंध त्या काळी अधिक तणावाचे असणार.

केबलचा आणखी एक लाभ. नाळेवर विजेची मोटर असते, पायानं चालवायची. ती आणि फिश फाइंडर एकमेकांची भाषा बोलणारे असतील तर पडद्यावर ००४७ निवडायचा आणि मोटरला सांगायचं, जा. ती बोटीला तिथे नेते, वाऱ्याला न जुमानता तिथेच धरून ठेवते. नांगर नाही, दोरी नाही. आकाशातले उपग्रह आणि पाण्यातला एक पंखा मिळून वीस फुटी बोट एका ठिपक्याला बांधून ठेवतात.

घराणं पाहिलं तर तसं जुनं नाही. प्रतिध्वनीनं मासे शोधायचं व्यवहारात चालणारं यंत्र जपानात फुरुनो बंधूंनी १९४८मध्ये आणलं, तेही धंदेवाईक मच्छीमारांसाठी. हौशी अमेरिकन माणसाच्या लहान होडीत ते आणलं कार्ल लोरन्सनं, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. हिरव्या डबीतलं ते यंत्र, गोल तबकडीवर चमकणारी एक रेघ. खोली कळायची, बाकी ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. अलाबामाचा मान पुढचा. राज्याच्या आग्नेय भागात युफॉला नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, तिथे १९७१मध्ये हमिनबर्ड ह्या फिश फाइंडरचा कारखाना उभा राहिला. पण ह्या सगळ्यांना खोली कळत होती, जागा कळत नव्हती. जीपीएस आलं तरी सुरुवातीला अमेरिकन लष्कर मुद्दाम त्यात चूक घालून ठेवायचं, शंभरेक मीटरपर्यंतची. शंभर मीटर म्हणजे ह्या तलावात एक अख्खी खाडी. १ मे २०००च्या रात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती चूक काढून टाकली गेली, आणि ००४७च्या जातीला खरी जमीन मिळाली. हा आकडे लिहितो ते मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशावर तेवढं अंतर १.८५ मीटर भरतं. एका पुरुषाच्या उंचीएवढं.

त्याच्याही आधीचे पूर्वज भाईंच्या घरात होते. मालवणला त्यांचे थोरले काका होडी घेऊन जात. जीपीएस नाही, होकायंत्रही असून नसल्यासारखं. किल्ल्याच्या तटाचं अमुक टोक मागच्या डोंगरावरच्या झाडाशी एका रेषेत आलं, आणि तिकडे माडांची रांग देवळाच्या कळसावर चढली, की खाली खडप. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे जाळं. अमेरिकेतले जुने लोकही पाण्याची टाकी आणि वाळलेलं झाड जुळवून हेच करत. किनारा दिसत असला की माणसाला हे आपोआप सुचत असावं. पण काकांच्या खुणेत नुसती जागा नसायची. ‘पावसाळ्यानंतरच्या पहिल्या भांगाक, वारो उत्तरेचो आसलो तर,’ असं शेपूट तिला असायचं. आणि हे शेपूट काका सख्ख्या भावालाही चुकीचं सांगत. जागा खरी सांगायची, वेळ खोटी. भाईंचे वडील उधाणाला तिथे जाऊन फाटकं जाळं घेऊन परत येत.

००४७ला असं खोटं बोलता येत नाही. तो सगळ्यांना एकच सांगतो. मला वाटत होतं, हा मोठा गुण. मग त्याचे अवगुण दिसू लागले.

वसंतात चिरंजीव नाळेवर उभा होता. गळ दगडाला घासून आला, त्याला जाणवलं. त्यानं आपल्या पडद्यावर बटण दाबलं. नाळेवरचं यंत्र आपली मोजणी स्वतंत्र ठेवतं. त्याच्या हिशेबानं पुढचा आकडा होता ००४७. केबल इमानी, तिनं हाही ठिपका लगेच मागे पोचवला. आता दोन्ही पडद्यांवर दोन ००४७, एकमेकांपासून चार-पाच मीटरवर. त्या दिवशी बोटीवर जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही, कारण दोघंही एकमेकांकडे न बघता, आपापल्या पडद्याकडे बघत बोलत होते.

‘झिला, तुझो चुकीचो. मी ढिगाऱ्यावर ठेवलंय.’

‘बाबा, मी दगड फील केला. तुमच्या इथे काहीच नाही आहे.’

दोघंही बरोबर होते. भाईंच्या यंत्राचा जीपीएस त्या यंत्रातच, चाकापाशी; चिरंजीवाचा नाळेवर. भाईंनी ढिगारा पाहिला तो बोटीच्या बाजूला पसरणाऱ्या ध्वनीतून, म्हणजे ‘डावीकडे अमुक फुटांवर’ असा, आणि ते गणित बोट नाकासमोर चालत असेल तोवरच खरं. जरा वळली की बाजूची दिशाही फिरते. चिरंजीवानं मारला तो स्वतःच्या पायाखालचा, पण त्याचा गळ पडला होता पुढे बारा-पंधरा मीटरवर. वर उपग्रहांची स्वतःची दोनतीन मीटरची चूक. शिवाय उभी बोट जीपीएसला आपलं तोंड कुठे आहे ते सांगू शकत नाही. हलली तरच दिशा कळते. स्थिर झाली की पडद्यावरची होडी जागच्या जागी गरागरा फिरू लागते, त्यासाठी वेगळा होकायंत्राचा डबा घ्यावा लागतो. एका मोरीचे दोन पत्ते झाले, आणि दोन्ही अधिकृत.

भाईंनी त्या रात्री पुस्तिका काढली. दोन्ही यंत्रांनी एकाच जीपीएसवर विसंबावं अशी सोय त्यात असते. त्यांनी दोघांना नाळेवरचा दिला. कारण सरळ होतं: गळ नाळेवरून पडतो. थोरल्या पडद्यानं धाकट्याच्या नजरेनं बघायला शिकायचं, ह्याचं भाईंना जरा जड गेलं, पण केलं.

मग जुळं मोडायला हवं होतं. चिरंजीवानं नाळेवर बसून वडिलांचा ००४७ पुसला. त्या वेळी भाईंनी बॅटरी वाचवायला चाकापाशीचा पडदा बंद केलेला. दुसऱ्या शनिवारी दोन्ही पडदे लागले, केबलीतून दोघांनी एकमेकांची वास्तपुस्त केली, आणि मागच्या यंत्रानं पुढच्याला सांगितलं, तुझ्याकडे एक ठिपका कमी दिसतोय, हा घे. पुसलेला ००४७ जिवंत. सातबाऱ्यावरून वारलेल्या आजोबांचं नाव काही केल्या निघत नाही, तसा. तलाठ्याकडे निदान मृत्यूचा दाखला नेता येतो. इथे ‘नाही’ची नोंद कुणीच ठेवत नाही, ‘आहे’चीच ठेवतात, आणि ज्याच्याकडे ‘आहे’ असतं तो जिंकतो. सगळ्याच यंत्रांचं असं नाही, काही शहाणी निघाली आहेत. पण बोटधारकांत ज्याचा पुसलेला ठिपका एकदाही उठून बसला नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

शेवटी दोन्ही पडदे चालू ठेवून, दोघं एकाच वेळी बघत असताना, भाईंनी स्वतःचाच पुसला. उरला तो चिरंजीवाचा. त्याचं नाव मात्र भाईंनी ठेवलं. यंत्रात देवनागरी नाही, रोमन अक्षरांत ‘मोरी’ लिहिलं. चिरंजीव नावं ठेवत नाही. त्याच्या पिढीला आकडा पुरतो. ठिपके शेकड्यांनी असताना बारसं कुणी करायचं? माझं मत भाईंच्या बाजूनं. काही यंत्रांत पाच हजार ठिपके मावतात, आणि पाच हजार बिननावाचे ठिपके म्हणजे काहीच लक्षात नसणं. चिरंजीवानं सूड घेतला तो चिन्हांत. यंत्रात ठिपक्याला रूप देता येतं: मासा, झेंडा, नांगर, कवटी. भाईंनी मोरीला मासा दिला. पुढच्या वेळी तिथे काही लागलं नाही, तर चिरंजीवानं कवटी. केबल दोघांचंही ऐकते. भाई मागे बसून बघतात तो समोर मासा जाऊन कवटी आलेली. ते मुकाट्यानं पुन्हा मासा करतात. असं ते ऋतूभर चाललं होतं, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

हे झालं घरातलं. घराबाहेर त्याची जात फार जपून ठेवतात.

उन्हाळ्यात भाई सहकुटुंब ऑरेंज बीचला जातात, मेक्सिकोच्या आखातावर. तिथे खोल समुद्रात रेड स्नॅपर मिळतो, आपल्या तांबोशीचा भाऊबंद, आणि तो घरी नेऊन खाता येतो. वहिनींनी भाईंच्या छंदाला दिलेली परवानगी ह्या एका माशावर उभी आहे. भाड्याच्या बोटीचा कप्तान बंदर सोडल्यावर एक टोपी पडद्यावर टाकतो. गिऱ्हाइकांनी फोन खिशात ठेवायचे. कारण खालच्या वाळवंटासारख्या सपाट तळावर मासा राहतो तो माणसांनी बुडवलेल्या वस्तूंभोवती. १९५३मध्ये अलाबामाच्या किनाऱ्यावर कप्तानांनी २५० मोटारींचे सांगाडे बुडवले, तिथून ही परंपरा सुरू झाली. नव्वदच्या दशकात लष्करानं जुने रणगाडे दिले. त्यासाठी राखलेला समुद्र आज हजार चौरस मैलांच्या वर आहे, आणि त्यात कुणीही रीतसर परवाना काढून, तपासणी करून, काँक्रीटचा एखादा सांगाडा बुडवू शकतो. सरकारी सांगाड्यांचे पत्ते छापलेले असतात. खासगींचे नसतात. पैसे तुमचे, मेहनत तुमची. पण समुद्र सगळ्यांचा. दुसऱ्या कुणाच्या फिश फाइंडरला तुमचा सांगाडा दिसला तर तो मासा त्याचा. तेव्हा तुमच्या मालकीचं उरतं काय, तर एक ठिपका. तिकडे त्याला ‘नंबर’ म्हणतात, जीपीएसच्या आधीच्या लोरान नावाच्या रेडिओ यंत्रणेपासून. जुन्या कप्तानांच्या डायऱ्या नंबरांनी भरलेल्या, नंबर विकले जातात, वारसाला दिले जातात. २०१०मध्ये अमेरिकेनं लोरान बंद केलं तेव्हा डायऱ्यांतले आकडे एका रात्रीत परके झाले असते; कप्तानांनी ते आधीच अक्षांश-रेखांशांत उतरवून घेतले होते, आणि उतरवताना काही नंबर पन्नास-शंभर मीटर सरकले ते सरकलेच.

तळ्यांतही थोड्याफार फरकानं हेच. बासच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्याकडून ठिपके मागणं, विकत घेणं नियमाबाहेर आहे. ह्या गंटर्सव्हिलवर बासमास्टर क्लासिक ही सगळ्यांत मानाची स्पर्धा १९७६, २०१४ आणि २०२०मध्ये झाली. २०१४चा विजेता रँडी हॉवेल ज्या पुलाखाली जिंकला तो पूल हायवेवरून सगळ्यांना दिसतो. त्याच्यासाठी ठिपक्याची गरज नव्हती. गरज होती ती त्या सकाळी तिथे जावं हे सुचण्याची.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं तर सोयीनं एकमेकांशी अबोला धरून असतात. एकाची केबल दुसऱ्यात जातच नाही. गेली तरी ठिपके सहसा जात नाहीत. मग नखाएवढ्या कार्डावर फाइल उतरवायची, घरी संगणकावर तिचं रूपांतर करायचं, दुसऱ्या कार्डावर चढवायची. रूपांतरात चिन्हं गळतात. मासा आणि कवटी दोन्ही जाऊन सगळेच ठिपके एकसारखे लाल होतात.

आता तर ठिपक्याच्या पोटावरच पाय आला आहे. २०१८मध्ये गार्मिननं लाइव्हस्कोप आणलं. नाळेवरून पुढे रोखलेला ध्वनी, आणि पडद्यावर मासा पोहताना दिसतो, तुमच्या गळाकडे वळताना, तोंड फिरवून निघून जातानाही. मघाचं चित्र नाही, आत्ताचं. चिरंजीवाच्या मित्रांच्या बोटीवर मी पाहिलं: पोरं तलावाच्या मध्यात, जिथे काही नाही अशा पाण्यात, पडद्यात मान घालून माशाच्या मागे हिंडतात. मासा जिथे, तिथे ती. त्यांना ००४७ कशाला? पण लाइव्हस्कोपलाही बोटीपुढचं थोडंच पाणी दिसतं, आणि तलाव ६८-६९ हजार एकरांचा आहे. कुठून सुरुवात करायची हे सांगायला कुणीतरी लागतंच. ठिपक्याची नोकरी गेली नाही, बढती थांबली एवढंच.

मागच्या वर्षी चिरंजीव विद्यापीठात गेला. इकडे विद्यापीठांना मासेमारीचे संघ असतात, बोटी, जर्सी, सगळं. त्याला एका दोस्ताबरोबर बोट मिळाली, वेगळ्या कंपनीची यंत्रं लावलेली. जाताना त्यानं वडिलांकडे ठिपके मागितले. भाईंनी एक क्षण घेतला. काकांचं रक्त आहे ते. पण मग कपाटातून एक कार्ड काढून दिलं. सगळे ठिपके, एकही न वगळता. मला ते फार मोठं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही, कारण पुढच्याच महिन्यात संघ सरावासाठी गंटर्सव्हिलला आला आणि मोरीवर सकाळपासून दुपारपर्यंत दोन पोरांना एक मासा लागला नाही. मी भाईंच्या घरी जेवायला होतो, तेव्हा फोन आला.

‘बाबा, मोरीवर काही नाही.’

‘कधी गेलं होतंस?’

‘सकाळपासून इथेच आहोत.’

भाईंनी ताट सरकवलं. ‘अरे झिला, सकाळी थंय काय करतंस? पाणी उभा आसा. टीव्हीएचा वेळापत्रक बघ, फोनवर दिसता. धरणातून पाणी सोडतत तेव्हा जा. प्रवाह लागलो की मासो चिखलातून उठून दगडावर येता. आणि वरच्या अंगाक टाक, मोरीच्या तोंडाकडे. तुका ह्या मी शंभर वेळा...’ इथे ते थांबले. शंभर वेळा सांगितलेलं नव्हतं. बोटीवर कधी सांगावं लागलंच नव्हतं. भाई कळ फिरवून वेळेवर तिथे न्यायचे, आणि चिरंजीवाला वाटायचं, ठिपका नेतोय.

पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज. ठिपक्याखाली शेरा लिहायला एक रकाना असतो, थोडक्या अक्षरांचा. चिरंजीव त्यात पाणी, वेळ, वरची बाजू असं काहीबाही कोंबत असावा.

‘वरची बाजू म्हणजे कुठल्या मोरीची?’ त्यानं विचारलं. ‘दोन आहेत.’

‘दोन खंय? एक पुसलो मी.’

‘तुम्ही दिलेल्या कार्डावर दोन ००४७ आहेत, बाबा. नाव कुणालाच नाही. दोन्ही लाल.’

कार्ड वसंतातलं होतं, पुसण्याआधीचं, बारशाच्याही आधीचं. वहिनी भाताचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या. भाईंनी कपाळाला हात लावला, मग काढला.

‘मधे टाक,’ म्हणाले.